दादा गालावर का मारून घेतो?

‘डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. माझा मोठा मुलगा 13 वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातापायांवर नीट ताबा नाही, आणि चौथ्या वर्षापासून फिट येतात. बोलत नाही, पण सगळं कळतं. धाकटी बहीण आहे म्हणून घरात सगळे त्याला दादाच म्हणतात. दोन महिने झाले, तो उजव्या गालावर मारून घेतो, रात्री जागा होऊन ओरडतो. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी थुंकून टाकतो, फक्त दूध-बिस्किट खातो. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वयात येतोय, वागणं बदलणारच. हिरड्या इतक्या वाढल्यात की पुढचे दात अर्धे झाकले गेलेत. ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून मी ब्रश बंदच केला. सासूबाई बोटाने मिश्री लावतात, म्हणतात ठणका थांबतो. तालुक्याला दोन दवाखाने केले. एकात म्हणाले, याला खुर्चीवर धरणार कोण? दुसऱ्यात म्हणाले, भूल देऊन सगळे दात काढून टाका, कायमची कटकट जाईल. माझं मन होत नाही, पण त्याचं रडणंही बघवत नाही. त्याचे पप्पा म्हणतात, आधीच पोराच्या मागे एवढं आहे, त्यात दातांचं काय घेऊन बसलीस. मी आई म्हणून कुठे कमी पडले का? – एक आई’

प्रिय ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, तुम्ही कमी पडला नाहीत. ज्या घरात फिटच्या औषधाची वेळ चुकवून चालत नाही, घास भरवताना ठसका लागेल म्हणून जीव मुठीत धरावा लागतो, त्या घरात दात रांगेत सगळ्यात मागे उभे राहतात. गेली 26 वर्षं मी लहान मुलांचे दात बघते आहे आणि तुमच्यासारखी आई मला सतत भेटते. उलट तुमच्या पत्रात मला जे हवं होतं ते सगळं सापडलं: कोणता गाल, किती दिवस, काय खातो, काय थुंकतो, रात्री काय करतो. ज्याला बोलता येत नाही अशा मुलाची ही कहाणी त्याच्या आईशिवाय कोण सांगणार?

आता दादाकडे वळू. तो जे करतोय ते वयात येण्याचं लक्षण आहे असं मला वाटत नाही. रोज एकाच गालावर हात जातो, रात्री झोपमोड होते, चावायचं अन्न नको आणि मऊ चालतं, ही चारही बोटं दाढेकडे दाखवतात. मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही, म्हणून ठाम निदान करत नाही. पण उजवीकडची एखादी दाढ मज्जातंतूपर्यंत किडली असेल, कदाचित मुळाशी पू झाला असेल, हे धरूनच पुढे चला. दाढेचा ठणका आडवं झाल्यावर वाढतो. मोठ्या माणसाला विचारा, तो रात्रभर घरात येरझाऱ्या घालतो. दादाला उठताही येत नाही आणि सांगताही येत नाही. त्याच्याकडे गाल आणि हात एवढंच आहे.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत ही चूक फार होते. मूल चिडचिड करायला लागलं, स्वतःला मारायला लागलं की आपण म्हणतो, ‘त्याचं तसंच आहे.’ शिक्षक म्हणतात, थेरपिस्ट म्हणतात, आम्ही डॉक्टरही म्हणतो. माझं म्हणणं एवढंच आहे: अचानक बदललेलं वागणं दिसलं की आधी कान, दात आणि पोट तपासायचं, स्वभावाला दोष नंतर द्यायचा. बाईंना माझा निरोप सांगा, रागावून नाही, कारण त्यांच्या वर्गात असं अजून एखादं मूल असू शकतं.

म्हणून पहिलं काम याच आठवड्यात. गालावर बाहेरून सूज दिसली, ती डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असली, ताप आला, किंवा गिळणं नेहमीपेक्षा अवघड झालं, तर तारीख-वार न बघता त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात न्या. तोपर्यंत दुखण्यासाठी पॅरासिटामॉलचं सिरप चालतं. किती मिलिलिटर ते त्याच्या आजच्या वजनावर तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, जुन्या चिठ्ठीवरून देऊ नका. लवंगेचं तेल लावू नका. दादाला ते पूर्ण थुंकून टाकता येणार नाही, आणि त्याने हिरडी भाजते. दाढेखाली गोळी दाबून ठेवायची असंही कुणी सांगेल, तेही नको.

आता सगळे दात काढण्याबद्दल. ताई, तुमचं मन होत नाही ते बरोबर आहे. या सल्ल्याला माझा सरळ विरोध आहे. तेराव्या वर्षी तोंडात असतात ते बहुतेक सगळे कायमचे दात. ते गेले की गेले. कवळीचा विचारच सोडा. ज्याला फिट येतात आणि ज्याचे स्नायू आपोआप आवळतात, त्याच्या तोंडात निघणारी कवळी घशात जाण्याची भीती असते. दात नसले की त्याचं जेवण कायमचं पातळ होणार, आणि त्याच्या दिवसातल्या ज्या थोड्या गोष्टी तो स्वतःच्या आवडीने करतो, त्यातली एक आपण काढून घेणार. एखादी दाढ वाचण्यापलीकडे गेली असेल तर ती जरूर काढावी, त्यात वावगं काही नाही. पण चांगल्या दातांना ‘कटकट’ म्हणून काढणं हा उपचार नव्हे. धडधाकट मुलाच्या आईला असा सल्ला कुणी दिला असता का, हा प्रश्न मी त्या डॉक्टरांना समोर बसून विचारला असता.

‘धरणार कोण’ म्हणणाऱ्या डॉक्टरांबद्दल मात्र मला एक कबूल करायचंय. मी नवा दवाखाना टाकला होता तेव्हा एक आई सात-आठ वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीचे हातपाय ताठ, मान सारखी फिरत होती. मी तोंडात नीट डोकावलेही नाही. ‘मोठ्या हॉस्पिटलला न्या’ एवढंच म्हणाले. कोणत्या हॉस्पिटलला, कुणाला भेटायचं, काहीच सांगितलं नाही, चिठ्ठीही दिली नाही. दीड वर्षाने ती मुलगी मला एका शिबिरात दिसली. खालची दाढ पार कुजली होती, पू हाडातून वाट काढत खाली उतरला होता आणि जबड्याखाली कातडीला भोक पडून तिथून वाहत होता. आईने ते ‘गळू’ समजून वर्षभर मलम लावलं होतं. मधल्या काळात ती अजून तीन ठिकाणी जाऊन आली होती आणि तिन्हीकडे तिला माझंच वाक्य ऐकायला मिळालं होतं. त्या मुलीचा चेहरा मी विसरलेले नाही. भीती आम्हालाही वाटते. शिकताना अशी मुलं आमच्या हाताखालून फार थोडी जातात, आणि दवाखाना सुरू झाल्यावर आम्ही ती टाळत जातो. पण ‘मला जमणार नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरने ‘कुणाला जमेल’ हे सांगितलंच पाहिजे. पुढच्या वेळी नकार मिळाला तर तिथून उठू नका. नाव, पत्ता आणि संदर्भ चिठ्ठी मागून घ्या.

हिरड्यांचं. फिटच्या औषधाचं नाव तुम्ही लिहिलं नाही. घरी जी बाटली किंवा पाकीट आहे त्यावर ‘फेनिटॉइन’ लिहिलंय का बघा. हे औषध घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांच्या हिरड्या वाढतात. ही नुसती सूज नसते, तिथलं मांस खरोखर वाढतं. आधी दोन दातांच्या मधला त्रिकोण फुगतो, मग तो दातावर चढत जातो, पुढच्या दातांवर जास्त. मूळ कारण औषध असलं, तरी दातांवर कीटण साचलं की ही वाढ जोर धरते. हिरडीच्या कडेला पांढरट, चिकट थर असतो ना, तेच कीटण. रक्तही त्यानेच येतं. म्हणजे रक्त येतं म्हणून तुम्ही ब्रश बंद केला, ब्रश बंद म्हणून कीटण वाढलं, आणि कीटण वाढलं म्हणून रक्त आणखी. हे कुणी तुम्हाला समजावून सांगितलं नाही, त्यात तुमची चूक नाही. मऊ ब्रशने रोज हलक्या हाताने साफ केलं तर आठ-पंधरा दिवसांत रक्त कमी झालेलं तुम्हाला दिसेल. जास्तीचं मांस नुसत्या ब्रशने पूर्ण जाणार नाही. ते पुढे दंतवैद्य छाटून देतील. पण घरची सफाई नसेल तर ते पुन्हा वाढतं.

एक गोष्ट हात जोडून सांगते: हे वाचून फेनिटॉइन बंद करू नका, कमीही करू नका. फिटचं औषध एकदम थांबवलं तर न थांबणारी फिट येऊ शकते, ती जिवावर बेतते. हिरड्यांचा फोटो काढा, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि विचारा, ‘याला हिरड्या न वाढवणारं दुसरं औषध चालेल का?’ काही मुलांना चालतं, काहींना नाही. निर्णय त्यांचा. औषध व्हॅल्प्रोएट असेल तर दात काढण्याआधी दंतवैद्यांना ते आवर्जून सांगा. त्याने कधी कधी रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून आधी रक्ततपासणी करून घेतात.

आता ब्रश. इथे मी जरा थांबणार आहे, कारण दादाचे दात खरे वाचणार आहेत ते तुमच्या घरात. त्यासाठी बाथरूम लागत नाही. जिथे उजेड चांगला आणि त्याचं अंग सैल असेल तिथे बसा. त्याची नेहमीची खुर्ची असेल तर त्यातच बसवा आणि तुम्ही पाठीमागे उभ्या राहा. त्याचं डोकं तुमच्या छातीला टेकू द्या. मान मागे टाकू नका, हनुवटी किंचित खालीच हवी, नाहीतर लाळ-पाणी घशात उतरून ठसका लागतो. डावा हात त्याच्या हनुवटीखालून घ्या, त्याच हाताच्या बोटाने ओठ नि गाल हळूच बाजूला सारा. बोट गाल आणि दात यांच्या मधूनच सरकवायचं. वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये बोट कधीही घालायचं नाही. तो मुद्दाम चावणार नाही, पण त्याचा जबडा आपोआप मिटतो आणि मग त्यालाही तो उघडता येत नाही. ब्रश असा अडकला तर ओढू नका. ओढलं की पकड अजून घट्ट होते. थांबा, त्याच्याशी बोला, गालावर हात फिरवा. पकड सुटते.

ब्रश लहान डोक्याचा, ‘सॉफ्ट’ लिहिलेला. पेस्ट फ्लोराइडची, एरवी वाटाण्याएवढी. पण त्याला फेस नीट थुंकता येत नाही म्हणून तांदळाच्या दाण्याएवढीच ब्रशवर चोळून घ्या आणि शेवटी ओल्या मलमलीच्या फडक्याने तोंड पुसून काढा. फेस फार झाला की मुलं घाबरतात, म्हणून कमी फेसाची पेस्ट मिळाली तर बरं. चूळ भरायची गरज नाही, थोडं फ्लोराइड दातावर राहिलेलं चांगलंच. तीन बाजूंनी केस असलेला ब्रशही मिळतो, तो दाताच्या आतून, बाहेरून आणि वरून एकदमच घासतो. ज्या मुलाचं तोंड दहा सेकंदच उघडं राहतं त्याला त्याचा फार उपयोग होतो.

पहिल्या आठवड्यात सगळं तोंड साफ करायच्या मागे लागू नका. डावीकडून सुरुवात करा, दुखऱ्या बाजूला फक्त हलका स्पर्श. मोठ्याने दहा आकडे मोजा आणि दहाला थांबाच, भले अर्धं राहिलं असेल. थांबतात हे एकदा कळलं की मूल पुढच्या वेळी तोंड उघडतं. आकडे बहिणीला मोजू द्या. तिने त्याच्यासमोर बसून स्वतःचा ब्रश करावा, तो तिच्याकडे बघत राहील. आणि जमेल तितकं त्याच्याकडूनही करून घ्या. सायकलच्या हँडलची रबरी मूठ ब्रशच्या दांड्यावर चढवली की मूठ जाड होते आणि बोटं न वळणाऱ्या मुलालाही ब्रश धरता येतो. त्याच्या हातावर तुमचा हात ठेवून चार वेळा फिरवा, मग उरलेलं तुम्ही करा. मुलगा 13 वर्षांचा आहे, त्याच्या तोंडात कुणी न विचारता हात घालू नये एवढा मान त्याला द्यायलाच हवा. आधी ब्रश दाखवा, सांगा, मग लावा.

दिवसातून दोनदा जमलं तर उत्तम. एकदाच जमणार असेल तर रात्रीचा सोडू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि तोंडात राहिलेलं अन्न रात्रभर तिथेच सडतं. रात्रीचं सिरप ब्रशच्या आधी द्या, नंतर नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलांची बरीच सिरपं गोड असतात, त्यात साखर असते. वर्षानुवर्षं रोज झोपताना पाजलेलं गोड सिरप म्हणजे रोज झोपताना दातांना पाक लावण्यासारखं आहे. साखर नसलेलं सिरप किंवा कुटून देता येणारी गोळी मिळेल का हे डॉक्टरांना विचारा. मात्र कोणतीही गोळी मनाने कुटू नका, काही गोळ्या कुटायच्या नसतात. लाळ गळू नये म्हणून काही औषध चालू असेल तर तेही दंतवैद्यांना सांगा. लाळ कमी झाली की कीड वेगाने लागते.

दूध-बिस्किट. दुखतंय तोवर तो दुसरं खाणार नाही हे मला कळतं, म्हणून आज त्यावरून त्याच्याशी झगडू नका. पण दाढ बरी झाली की बिस्किटं आवरा. दुधात भिजलेलं बिस्किट गालात चिकटून राहतं आणि दादाची जीभ ते काढू शकत नाही. भरवून झालं की बोटाला ओलं फडकं गुंडाळून गालाच्या आतल्या कप्प्यातून एकदा फिरवा. किती अन्न निघतं ते बघून तुम्ही चकित व्हाल. शाळेत किंवा थेरपीत काही केलं की बक्षीस म्हणून चॉकलेट देतात का, तेही विचारा. चांगल्या हेतूने देतात, पण दिवसाला सात-आठ वेळा गोड तोंडात जातं. त्याऐवजी टाळी, गाणं, आवडीचं खेळणं असं काहीही चालतं. उलटी किंवा आंबट पाणी वर येण्याचा त्रास असेल तर लगेच ब्रश करू नका. तोंड पाण्याने पुसा आणि अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश करा. आम्लाने मऊ झालेला दात घासला की झिजतो.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना नातवाचं रडणं बघवत नाही, म्हणून त्या हाताशी आहे ते करतात. पण मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. बधिरपणा येतो तो तंबाखूचा. हिरडीतून तो सरळ रक्तात जातो, आणि दाढेतली कीड आहे तिथेच राहते. वाढत्या मुलाच्या, त्यातही फिट येणाऱ्या मुलाच्या तोंडात तंबाखू जाता कामा नये. त्यांना सांगा, ‘आत्या, डॉक्टरांनी तुमच्यावर दुसरं काम सोपवलंय.’ ब्रशच्या वेळी बॅटरी धरायचं काम त्यांचं. बघा, चार दिवसांत कुठला दात राहिला ते त्याच तुम्हाला दाखवतील.

फिट आल्यावर तोंडात चमचा घालायची पद्धत तुमच्याकडे असेल तर तीही बंद. त्याने पुढचे दात तुटतात आणि तुटका तुकडा श्वासात जातो. त्याला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना.

आता उपचार आणि भूल. आजकाल प्रत्येक दाताला यंत्र लावावं लागत नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रव औषध आहे. किडीवर थेंबभर लावतात, मिनिटभर ठेवतात, सुई नाही, आवाज नाही. बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. किडलेला भाग काळा पडतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे दचकायला नको. पण ठणकणाऱ्या, मज्जातंतूपर्यंत किडलेल्या दाढेला हे पुरत नाही, आणि दादाची उजवी दाढ मला त्यातली वाटते. तिला रूट कॅनाल करायचं की ती काढायची हे एक्स-रेवर ठरेल.

दादाच्या तोंडात बरंच काम निघणार असेल तर पूर्ण भूल देऊन ते एकाच बैठकीत करून घेणं हा चांगला मार्ग आहे. भूल दात उपटण्यासाठी असते असं नाही. त्याच भुलीत एक्स-रे, कीड भरणं, रूट कॅनाल, टोपी बसवणं, हिरडी छाटणं, सगळं होतं. चार माणसांनी हातपाय दाबून धरण्यापेक्षा मला ते कितीतरी माणुसकीचं वाटतं. अट एकच: भूल भूलतज्ज्ञानेच द्यायची, आणि हॉस्पिटलातच. दवाखान्याच्या खुर्चीवर ‘थोडं झोपेचं औषध देऊन उरकू’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. आधी भूल झेपेल का याची तपासणी होईल. तिथे फिट, औषधं, ठसका, आधी न्यूमोनिया झाला असेल तर तो, हे सगळं सांगा. भुलीआधी किती तास उपाशी ठेवायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. दूध हे पाण्यात धरत नाहीत, अन्नात धरतात, हे लक्षात ठेवा, कारण दादा सध्या दुधावरच आहे. फिटचं सकाळचं औषध घोटभर पाण्याबरोबर द्यायचं की नाही हेही त्यांनाच विचारा, आपल्या मनाने चुकवू नका.

कुठे जायचं? तुमच्या जवळ कराड, सांगली आणि पुण्यात दंतमहाविद्यालयं आहेत. तिथे ‘पेडो’ म्हणजे मुलांच्या दातांचा विभाग विचारा. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी येतो. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंतमहाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे. त्याआधी जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. हा कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. तो 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि त्याच्या तपासणीत दातही येतात. शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाकडून या कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रासाठी चिठ्ठी घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधल्या कलम 25 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला तपासणीत आणि उपचारात प्राधान्य मिळायला हवं. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, सोबत ठेवा आणि खिडकीवर शांतपणे सांगा, रांगेत तीन तास बसू नका. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना लागू आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत. दातांच्या प्रतिबंधक उपचारांना त्यात वेगळी, लहानशी मर्यादा आहे. काढली नसेल तर काढा, आणि मूळ बिलं जपून ठेवा.

हे पत्र वाचणाऱ्या इतर आई-वडिलांसाठी दोन गोष्टी. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे दात उशिरा येतात, त्याची काळजी करू नका. पण त्यांच्या हिरड्या लहान वयातच खराब होतात, त्याची करा. त्यातल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, म्हणून दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागेल का हे हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. स्वमग्न मुलाला पहिल्या भेटीत उपचारासाठी नेऊच नका. एकदा नुसतं दार बघून या, एकदा खुर्चीत बसून या, मग आरसा. आणि नळीने अन्न घेणाऱ्या मुलांचेही दात घासावे लागतात, तोंडाने खात नाही म्हणून दातांवर थर साचत नाही असं नसतं.

दादाच्या पप्पांना हा भाग वाचून दाखवा. भाऊ, ‘आधीच एवढं आहे’ असं तुम्ही म्हणता, ते मी नाकारत नाही. पण ज्याला गिळायला त्रास होतो त्याच्या तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत उतरते आणि न्यूमोनियाला कारण होते. म्हणजे दात हे त्या ‘एवढं’च्या बाहेर नाहीत. 13 वर्षांच्या मुलाचं डोकं आधाराने धरायला तुमच्या बायकोच्या हातात आता ताकद पुरत नाही, दिवसेंदिवस आणखी कमी पुरेल. रात्रीचा ब्रश तुम्ही घ्या. मोठ्या होणाऱ्या मुलाला वडिलांचा हात हवासाही वाटतो.

जाण्याआधी तीन गोष्टी फोनमध्ये ठेवा: तो गालावर मारतो तेव्हाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, ओठ वर करून हिरड्यांचा उजेडातला फोटो, आणि सगळ्या औषधांच्या पाकिटांचा फोटो. निघायच्या आदल्या दिवशी विभागात फोन करून सांगा, ‘मुलगा व्हीलचेअरवर आहे, बोलत नाही, फिट येतात, दोन महिने दाढ दुखतेय. सकाळची पहिली वेळ द्या आणि पहिल्यांदा त्याच्याच खुर्चीत तपासा.’ तिथे पोचल्यावर तोंड उघडायला लावण्याआधी डॉक्टरांना तो व्हिडिओ दाखवा.